कॅनरी बेटांची डिसेंबरातली क्रूझ: जहाज ठीकठाक, बेटं लई भारी

डिसेंबरात परभणीत सकाळी शेकोटी लागते, तिकडं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांवर मात्र दुपारी २० डिग्रीच्या आसपास, स्वेटर बॅगेतच राहिलं. जहाज ठीकच, केबिन बारकी, वायफायचे पैसे अवाच्या सवा, अन् शाकाहारी माणसाची जेवणात पंचाईत. बेटावर मिठाच्या पाण्यात उकडलेले छोटे बटाटे आणि मोहो नावाची लसणाची चटणी मिळते, आमच्या आई त्यावरच खूश.

पण पैसे वसूल होतात ते लान्झारोटे बेटावर. १७३० ते १७३६ तिथं ज्वालामुखी उसळत होता, तिमानफाया नावाच्या तिथल्या राष्ट्रीय उद्यानात आजबी जमिनीत पाणी ओतलं की वाफेचा फवारा धाडकन वर येतो आणि त्याच धगीवर हॉटेलवाले चिकन भाजतात! मला तर त्याहून आवडली काळ्या राखेत खड्डे करून लावलेली द्राक्षं, वारा अडवायला दगडाचा अर्धगोल बांध, राखेत ओल टिकते म्हणून जमतं, पाऊस आपल्या मराठवाड्याहूनबी लई कमी. (वेरूळचा दगडबी लाव्हाचाच, फक्त कोट्यवधी वर्षं जुना.)

तेनेरिफ बेटावर तेइदे ज्वालामुखीचा डोंगर ३७१५ मीटर उंच, केबल कारचं तिकीट आधीच काढा. बेटं स्पेनची, म्हणून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) लागतो.