कच्च्या गणितावर मानसशास्त्राचं स्टॅटिस्टिक्स: आधी वही की थेट सॉफ्टवेअर?

गणिताच्या धास्तीने मानसशास्त्र घ्यावं की नाही असा घोळ चालू असेल, तर आधी लागतं काय ते पाहा. पदवीच्या स्टॅट्सच्या पेपरला बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस सोडवावं लागत नाही. ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी, वर्ग, वर्गमूळ, दशांश आणि कंस आधी सोडवायची शिस्त, एवढ्यावर भागतं. खरा निर्णय पुढे असतो. आकडेमोड आधी हाताने शिकायची, की पहिल्या दिवसापासून एसपीएसएस किंवा जमोव्हीसारखं संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उघडायचं?

सॉफ्टवेअरच्या बाजूने बोलायचं तर त्याचा वेग आणि धीर देण्याची ताकद मोठी आहे. आकड्यांना बिचकणाऱ्याला पहिल्याच तासात आलेख दिसतो, टी-चाचणीचा (सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे पाहणाऱ्या चाचणीचा) निकाल येतो आणि विषय आवाक्यात वाटू लागतो. जमोव्ही मोफत आहे आणि पडद्यावर मोजकंच दाखवतं, त्यामुळे सुरुवातीला ते बरं. संशोधनात पुढे जायचं असेल तर आर ही कोड लिहून चालवायची संगणकभाषा शिकण्याचे कष्ट वाया जात नाहीत, पण कोड आणि संख्याशास्त्र दोन्ही एकदम नवीन असलं की चूक कशात आहे हेच कळत नाही.

वहीची बाजू रटाळ वाटते, आणि मोठा डेटा घेतला तर ती आहेच रटाळ. म्हणून पाचच आकडे घ्या: 4, 6, 7, 8, 10. सरासरी 7. प्रत्येकातून 7 वजा केले की -3, -1, 0, 1, 3. त्यांचे वर्ग 9, 1, 0, 1, 9, बेरीज 20. तिला 5 ने नव्हे, 4 ने भागायचं, कारण हा नमुना आहे. आले 5, वर्गमूळ 2.24, हे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप. त्याला 5 च्या वर्गमूळाने भागलं की प्रमाण त्रुटी (नमुन्याची सरासरी साधारण किती इकडेतिकडे होऊ शकते ते) बरोबर 1. आता ही सरासरी 5 पेक्षा खरोखर वेगळी आहे का? 7 वजा 5, भागिले 1, म्हणजे टी 2. स्वाधीनता मात्रा (इथे आकड्यांची संख्या वजा एक) 4 असताना द्विपुच्छी (फरक दोन्ही दिशांनी तपासणाऱ्या) चाचणीला 0.05 पातळीवर टी किमान 2.776 लागतो, म्हणून निकाल सार्थ नाही, म्हणजे हा फरक योगायोगानेही आला असू शकतो. हीच सरासरी आणि हेच प्रमाण विचलन 20 जणांचं असतं, तर प्रमाण त्रुटी 0.5 झाली असती, टी 4 झाला असता आणि लागणारी किंमत 2.093 असती. निकाल सार्थ! फरक तोच, फक्त माणसं वाढली. नमुना मोठा हवा असं का म्हणतात, ते इथे हाताखाली घडताना दिसतं.

हाताने करताना घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. वर्गांची बेरीज आणि बेरजेचा वर्ग यांत गल्लत होते, शेवटचं वर्गमूळ राहून जातं, किंवा मधल्या पायरीवरच दशांश छाटले जातात. पण या चुका बहुधा स्वतःला सापडतात: विचलनांची बेरीज शून्य आली नाही तर काहीतरी हुकलं आहे.

सॉफ्टवेअरमध्ये अशी खूण मिळत नाही, आणि माझ्या लेखी पारडं फिरतं ते इथेच. एसपीएसएसमध्ये दोन स्वतंत्र गटांची टी-चाचणी केली की लांबलचक तक्ता येतो. त्यात 'सिग'चा, म्हणजे पी व्हॅल्यूचा (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता), पहिला रकाना लेव्हिन चाचणीचा असतो. तो दोन गटांचं विचरण (पसरटपणा, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) सारखं आहे का एवढंच सांगतो. सरासरींमधल्या फरकाची पी व्हॅल्यू आणखी उजवीकडे असते. पहिल्या रकान्यात 0.03 दिसलं की नवखा विद्यार्थी 'गटांत फरक आहे' असं लिहून मोकळा होतो. त्या 0.03 चा अर्थ एवढाच, की आता विचरण सारखं मानणारी वरची ओळ सोडून तसं न मानणारी खालची वाचायची. तिथली पी व्हॅल्यू कदाचित 0.40 असेल. पूर्ण निष्कर्ष उलटतो, आणि पडद्यावर लाल रेघही उमटत नाही. टी म्हणजे कशाला कशाने भागलं हे ज्याने एकदा लिहून पाहिलं आहे, तो योग्य रकान्याकडे जाण्याची शक्यता जास्त.

याच जातीच्या आणखी चुका: न दिलेल्या उत्तरासाठी टाकलेला 99 'मिसिंग' म्हणून नोंदवला नाही तर सरासरीत मिसळतो, उलट्या अर्थाची विधानं 1 ते 5 च्या मापनश्रेणीवर 6 मधून वजा करून फिरवली नाहीत तर क्रोनबॅक अल्फा (प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) घसरतो, कधी ऋणही येतो.

अर्थात परीक्षाच संगणकावर असेल आणि हातात थोडेच आठवडे असतील, तर थेट सॉफ्टवेअर घ्यावं, त्यात गैर काही नाही. वेळ असेल तर माझा कल असा: प्रमाण विचलन, एक टी-चाचणी, पाच जोड्यांचा सहसंबंध आणि 2 बाय 2 चा काय-वर्ग (दोन वर्गवाऱ्यांमध्ये संबंध आहे का हे पाहणारी चाचणी) वहीत करावा, मग तेच आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरून उत्तर जुळतं का पाहावं. त्यापुढचं बहुचल प्रतिगमन (अनेक घटकांवरून अंदाज बांधणं) किंवा फॅक्टर अ‍ॅनालिसिस (अनेक प्रश्नांमागचे मोजके समान घटक शोधणं) मात्र हाताने करू नये. तिथे कागद आकडेमोडीसाठी नाही, आउटपुटमधला कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे लिहायला वापरावा.