एअरगनला कुठला छर्रा: हलका की जड, स्प्रिंग की पीसीपी, आणि कोकणातल्या दमट हवेचा हिशोब

एअरगन घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो स्पीडचा. किती फूट पर सेकंद? आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बघून खूश होतो. तो आकडा बहुतेक वेळा मिळेल तितका हलका छर्रा वापरून काढलेला असतो, तुम्ही तो छर्रा कधी वापरणार नाही आणि वापरूही नये. माझं स्पष्ट मत असं की गन आणि छर्रा ही जोडी म्हणून निवडायची गोष्ट आहे, गन आधी घेऊन मग मिळेल तो डबा उचलायचा असं केलं तर पाच हजाराची काय आणि पन्नास हजाराची काय, दोन्ही सारख्याच भरकटतात.

सध्या रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडीकडची बरीच पोरं या खेळाकडे वळतायत. २०२२ ला कैरोत १० मीटर एअर रायफलचा वर्ल्ड चॅम्पियन झालेला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचाच, पनवेलला नेमबाज सुमा शिरूर शिकवतात, म्हणजे हे काय आपल्यापासून लांबचं राहिलेलं नाही. त्या लेव्हलच्या मॅच रायफलीचा स्पीड किती असतो? सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर, बस. छर्रा ०.५३ ग्रॅमचा. दुकानातली साधी स्प्रिंग गन, म्हणजे स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवा दाबणारी, ती पण यापेक्षा जोरात मारते. आणि टार्गेटवरचा दहाचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलीमीटरचा, छर्रा स्वतः ४.५ मिलीमीटर जाड. म्हणजे सगळा खेळ प्रत्येक छर्रा आधीच्याच भोकातून जातो की नाही याचा आहे, जोराचा नाहीच.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, ४.५ मिलीमीटरपेक्षा मोठा किंवा ताकद २० ज्यूलच्या वर गेली की लायसन लागतं. त्याच्या आत राहिलात तर लायसन नाही, पण दुकानदार ओळखपत्र मागणार, ते द्यायचं. या २० ज्यूलच्या आत सुद्धा भरपूर जागा आहे, हिशोब करून बघा, ०.४५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २९८ मीटरच्या स्पीडला तिथे पोचतो, ०.५५ चा २७० ला आणि ०.६७ चा २४४ ला. ताकद तीच, स्पीड वेगळा. म्हणून नुसता स्पीड विचारण्यात अर्थ नाही.

आता हलका विरुद्ध जड.

हलका म्हणजे ०.४५ च्या आसपासचा, एअर पिस्तूलवाले हाच वापरतात कारण पिस्तुलाची ताकद कमी आणि छर्रा नळीतून लवकर बाहेर पडलेला बरा, तोपर्यंत हात हलायला वेळ मिळत नाही. पिस्तुलाला हे बरोबर आहे. पण हाच छर्रा जोरदार स्प्रिंग गनमधे टाकला की दोन गोष्टी बिघडतात. एक, छर्रा पटकन सुटतो, त्यामुळे पिस्टनच्या पुढे हवेची जी गादी तयार व्हायला हवी ती नीट होत नाही आणि पिस्टन जाऊन सरळ आपटतो, दस्त्यातून गालाला तो कोरडा धक्का कळतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही लवकर जातात. दुसरं, ते मिश्रधातूचे अगदी हलके चमकदार छर्रे येतात ते आवाजाच्या वेगाच्या आसपास जातात, आणि तिथे छर्रा डगमगतो. फट्ट असा मोठा आवाज येतो, पोरं खूश, आणि कागदावर भोकं सगळीकडे पसरलेली.

जड म्हणजे ०.६७ च्या पुढचा, जेएसबी एक्झॅक्ट हेवी वगैरे. वाऱ्याला कमी दबतो, लांबवर ताकद टिकवतो. पीसीपीमधे, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या गनमधे, हा मस्त चालतो कारण तिथे मागून हवेचा दाब येतच राहतो, छर्रा जितका वेळ नळीत तितका त्याला जास्त रेटा मिळतो. स्प्रिंगमधे उलटं. स्प्रिंगकडे एकच हबका असतो, जड छर्रा जागचा हलायच्या आत पिस्टन पुढच्या हवेवर आदळून मागे उसळी घेतो आणि मग पुन्हा पुढे येतो, त्या नादात ताकद वाया आणि नेम पण.

म्हणून स्प्रिंगवाल्याने ०.५ ते ०.५५ च्या मधेच राहावं. १० मीटरला ०.५३ चा मॅच छर्रा, आरडब्ल्यूएसचा आर टेन असो की एच अँड एनचा फिनाले मॅच, आणि २०-२५ मीटरला ०.५५ च्या आसपासचा गोल डोक्याचा. यावर वाद घालणारे भेटतील, पण कागदावर मारून मग बोला म्हणावं.

आकाराचं लवकर सांगतो. चपट्या डोक्याचा छर्रा कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतो, कडेला फाटत नाही, त्यामुळे रेषेला लागलाय की नाही ते डोळ्याला दिसतं, १० मीटरला हाच. २५ च्या पुढे तो हवेत अडतो आणि पसरायला लागतो, तिथे गोल डोक्याचा. टोकदार छर्रा दिसायला खतरनाक पण ते टोक प्रत्येक छर्ऱ्यावर बरोबर मधोमध असेल असं नाही, नेमाच्या कामाला मी तो धरतच नाही. आणि स्टीलचे गोल मणी खाचा असलेल्या नळीत अजिबात नको, खाचा खराब होतात आणि मणी परत अंगावर येतो.

आता गनचा प्रकार, आणि इथे कोकण मधे येतं. पुण्यातल्या माणसाने दिलेला सल्ला मालवणात जसाच्या तसा का चालत नाही ते इथे कळेल.

पीसीपी ही नेमाला सगळ्यात चांगली, धक्का नाही, छर्ऱ्याच्या बाबतीत खळखळ नाही. तिच्या टाकीत २०० बारने हवा भरायची असते, आणि बहुतेक जण ती हातपंपाने भरतात. आता जुलैतली आपली हवा घ्या, ३० डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता. एका घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी असतं वाफेच्या रूपात. २०० सीसीची टाकी रिकामी असताना २०० बारपर्यंत भरायची म्हणजे बाहेरची ४० लिटर हवा आत दाबायची, आणि त्या हवेत जवळपास एक ग्रॅम पाणी. दाबल्यावर ते वाफ म्हणून राहत नाही, थेंब होऊन खाली बसतं. थोडं पंपातच सुटतं, खालचा स्क्रू सोडला की फुस्स करून धुकं उडतं आणि बोट लावलं तर बोट ओलं होतं, पण बाकीचं टाकीत जातं आणि व्हॉल्व आतून गंजवतं. बाहेरून गन नवी कोरी, आतून चालली. म्हणून इथे पीसीपी घ्यायची तर सिलिका जेलचा फिल्टर लावलेलाच पंप घ्या आणि त्यातल्या दाण्यांचा रंग बदलला की लगेच बदला किंवा सुकवा, पावसात हे दाणे बघता बघता भिजतात. दुसरा रस्ता म्हणजे तारकर्ली-मालवणला स्कुबावाले आहेत, त्यांचे सिलिंडर २०० बारचेच आणि हवा गाळलेली, कोरडी, कारण माणसाने ती पाण्याखाली श्वासात घ्यायची असते. ओळख असेल तर भरून देतात का विचारून बघा. पण हॉस्पिटलचा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही, कधीही भरू नका, आतल्या तेला-ग्रीसशी तो पेट घेतो आणि टाकी फुटून माणूस जातो.

स्प्रिंग गन हवा साठवून ठेवतच नाही, दर वेळी बाहेरची घेते आणि लगेच सोडते, त्यामुळे दमटपणाचा तिला आतून तेवढा त्रास नाही. तिचा शत्रू बाहेरून येतो, खारा वारा. समुद्रापासून किलोमीटरभराच्या आत घर असेल तर नळीवर हाताच्या घामाचे ठसे तसेच ठेवून एक रात्र जाऊ द्या, सकाळी बोटांच्या आकाराचा तांबूस गंज. तेलाचं फडकं फिरवूनच ठेवायची, कापडी किंवा फोमच्या कव्हरमधे बंद करून ठेवायची नाही कारण फोम ओल धरून ठेवतो. आणि गंजाच्या भीतीने पिस्टनसमोरच्या, हवा नळीत सोडणाऱ्या भोकात तेल ओतायचं नाही, ते दाबाने पेटतं, धूर येतो, सील जळतं आणि नेमाचा बट्ट्याबोळ.

गॅसची म्हणजे सीओटूची पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर हौसेला भारी, सहा छर्रे चक्रीत भरायचे, १२ ग्रॅमची बाटली लावायची. पण सीओटूचा दाब पूर्णपणे तापमानावर. २० डिग्रीला साधारण ५७ बार, ३० ला ७२. म्हणजे पहाटे आणि दुपारी नेम वेगळा, आणि भरभर मारत गेलं की बाटली गार पडून शेवटचे छर्रे खाली लागतात. मे महिन्यात उन्हात पडवीच्या कठड्यावर ठेवली तर दाब इतका चढतो की व्हॉल्व उघडतच नाही. शिकायला ही घेऊ नका असंच मी म्हणेन. आधीपासून असेल तर तिला ०.४५ चा चपटा हलका छर्रा, ताकद मुळात कमी असते त्यामुळे जड टाकून काही मिळत नाही.

छर्ऱ्याच्या डोक्याचं माप हा बारीक वाटणारा पण मोठा मुद्दा. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं. नळीच्या तोंडाशी छर्रा ठेवून अंगठ्याने दाबा, आपसूक आत पडला तर सैल, ढकलायला जोर करावा लागला आणि कड दुमडली तर घट्ट, हलकासा अडकून मग बसला तर बरोबर. एक-एक छर्रा उजेडात उलटा धरून मागचा घेर बघा, तो पातळ पदराचा भाग जरा जरी चेपला असेल तर मागची हवा एका बाजूने जास्त सुटते आणि छर्रा तिरका निघतो. स्वस्त डब्यात असे चेपलेले बरेच निघतात, ते बाजूला काढून डबा प्रॅक्टिसला ठेवा.

हे सगळं वाचून सुद्धा तुमच्या नळीला कुठला छर्रा आवडेल ते तुमची नळीच सांगणार, एकाच मॉडेलच्या दोन गनांची आवड वेगळी असते. म्हणून दोन-तीन प्रकारच्या लहान डब्या घ्या, एकाच प्रकारच्या पाच नको. सकाळी लवकर मारा, मतलई वारा पडलेला आणि खारा सुटायचाय अशी मधली शांत वेळ असते ती. गन उशीवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवा, स्प्रिंगची असेल तर खाली उघडा तळहात ठेवून तिच्यावर नुसती टेकू द्या, आवळून धरली की ती प्रत्येक वेळी वेगळी उडते. छर्रा बदलला की पहिले दहा-पंधरा धरायचेच नाहीत, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो तो बदलायला तेवढे लागतात. मग पाच-पाचचे ग्रुप, म्हणजे एकाच ठिकाणी नेम धरून मारलेले पाच छर्रे, निदान तीन कागद, आणि लांबातल्या लांब दोन भोकांच्या मधल्या बिंदूंमधलं अंतर मोजा. एक चांगला ग्रुप बघून निर्णय घेऊ नका.

मागे काय आहे ते बघा. आपल्याकडे सगळ्यांच्या परसात चिऱ्याची गडगी किंवा भिंत असते आणि लोक तिच्यावरच कागद चिकटवतात. चिरा कडक, छर्रा उलटून डोळ्यात येऊ शकतो, आणि गडग्याच्या पलीकडे शेजाऱ्याची पाणंद असते. लाकडी खोक्यात वाळू भरा, मागे लोखंडी पत्रा, पुढे पुठ्ठा, तो फाटला की बदला. डोळ्याला चष्मा, आणि मुलं असतील तर मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय गन बाहेर काढायची नाही.

वांदरांवर चालेल का, असं आंबा-काजूवाले विचारतातच. नाही. मरत नाही, जखम घेऊन महिनाभर कुजत फिरतं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, पक्ष्यांनाही तोच.

तर घ्यायचं काय? शाळकरी पोर, १० मीटर, घर समुद्राजवळ, तर मध्यम ताकदीची स्प्रिंग गन आणि ०.५३ चा चपटा छर्रा, डोळे मिटून. स्पर्धेचं ठरलंय आणि कोच मिळालाय, तर आधी कोचच्या रेंजवरची पीसीपी वापरून बघा, घरी घ्यायची घाई नको, कारण घेतली की फिल्टर, पंप, सील हे सगळं सांभाळायचं आहे. मोठा माणूस, वाडीत २५-३० मीटरची मोकळी सुरक्षित जागा आहे आणि नुसती हौस आहे, तर २० ज्यूलच्या आतली पीसीपी आणि ०.५५ पासून ०.६७ पर्यंतचे गोल डोक्याचे दोन-तीन छर्रे, त्यात जड बहुतेक जिंकेल.

जो छर्रा ठरेल त्याचे पावसाळ्याआधी, आगोटीचं सामान भरतो तेव्हाच, एकाच लॉटचे डबे घेऊन ठेवा, लॉट बदलला की कधी कधी ग्रुप बदलतो. डबा घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिकाची पुडी टाकून. उघडा ठेवला तर श्रावणापर्यंत छर्ऱ्यांवर पांढरट भुकटी येते, ती शिशाची असते, विषारी, फुंकर मारायची नाही आणि ते छर्रे वापरायचे नाहीत. मारून झालं की हात साबणाने धुवा, मगच भाकरीला हात लावा. तोंडात छर्रे धरून भरायची सवय बऱ्याच जुन्या लोकांना असते, पोरांना ती लागू देऊ नका.