‘बिल्ड ॲन ॲटम’: आठवीच्या वर्गात अणू घडवताना

आठवीच्या सामान्य विज्ञानातील ‘अणूचे अंतरंग’ हे प्रकरण शिकवताना दरवर्षी एकच अडचण येते, ती म्हणजे वर्गात दाखवायला हातात काहीच नसते. दाब शिकवताना बाटलीला भोके पाडून पाण्याच्या चिळकांड्या दाखवता येतात, चुंबकत्व शिकवताना खिळ्याभोवती तार गुंडाळता येते. अणूच्या बाबतीत मात्र शिक्षकाने फळ्यावर वर्तुळे काढायची आणि मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची, एवढ्यावरच गाडी थांबते. म्हणून यंदा दोन तुकड्यांना मिळून चार तासिका ‘फेट’ या संकेतस्थळावरील ‘बिल्ड ॲन ॲटम’ हा खेळ वापरून पाहिला. २००१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर येथे सुरू केलेला हा प्रकल्प आहे. त्यावरील खेळ मोफत आहेत आणि ते ब्राउझरमध्येच चालतात. तासिका ऐन रंगात असताना इंटरनेट जाणे आमच्याकडे नित्याचेच असल्यामुळे, खेळ आधी उतरवून पेनड्राइव्हवर घेता येतो ही सोय मला विशेष मोलाची वाटली.

पडद्यावर खाली प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांनी भरलेल्या तीन बादल्या असतात. त्यांतील गोळे उचलून मध्यभागी ठेवत गेले की अणू तयार होतो आणि बाजूच्या आवर्तसारणीत तो कोणत्या मूलद्रव्याचा आहे ते उजळून दिसते. सारखे न्यूट्रॉन टाकूनही मूलद्रव्याचे नाव बदलत नाही आणि एकच प्रोटॉन वाढवला तर लगेच बदलते, हे मुलांना पहिल्या पाच मिनिटांत स्वतःहून उमगले. अणुअंकाची, म्हणजे अणूतील प्रोटॉनांच्या संख्येची, व्याख्या मी त्यानंतर लिहून दिली, आणि यापुढे तोच क्रम ठेवण्याचा माझा विचार आहे.

खरी गंमत पुढे झाली. मी प्रत्येक गटाला आधी वहीत अंदाज लिहायला लावला आणि मगच माउस हातात दिला. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समसमान ठेवले की केंद्रक (अणूच्या मध्यभागी त्यांचा बनलेला गाभा) स्थिर राहते, असा बहुतेकांचा अंदाज होता. दोन-दोनचे हेलिअम स्थिर निघाले, तीन-तीनचे लिथिअमही स्थिर निघाले आणि वर्ग निर्धास्त झाला. चार-चारच्या बेरिलिअमला मात्र पडद्यावर ‘अस्थिर’ अशी सूचना आली आणि केंद्रक थरथरू लागले. ‘सर, मशीन बिघडलं!’ असे मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलेही. बिघडलेले काहीच नव्हते. बेरिलिअम-८ (आठ म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज) हे खरोखरच क्षणार्धात फुटते आणि त्यातून हेलिअमची दोन केंद्रके बाहेर पडतात, तर पाच न्यूट्रॉनांचे बेरिलिअम-९ स्थिर असते. पुढे पाच-पाच ते आठ-आठपर्यंत सारे सुरळीत चालले आणि नऊ-नऊच्या फ्लुओरीनला पुन्हा तीच थरथर सुरू झाली. हाच फ्लुओरीन-१८ रुग्णालयातील पेट स्कॅनमध्ये वापरतात, हे सांगताच ‘फेट’वर ‘पेट’ सापडल्याचा आनंद वर्गाने बराच वेळ साजरा केला. फळा आणि खडूने हा प्रसंग घडवणे मला तरी कधी जमले नव्हते.

या खेळात ‘गेम’ नावाचा एक वेगळा भाग आहे, आणि नेमका तोच मला सर्वांत फिका वाटला. त्यात चार प्रकारची कोडी आहेत; पहिल्याच प्रयत्नात उत्तर बरोबर आले तर दोन गुण आणि दुसऱ्या प्रयत्नात एक गुण मिळतो. सराव म्हणून हे ठीक आहे. परंतु गुण दिसू लागताच मुलांचा प्रश्न ‘असे का?’ वरून ‘किती झाले?’ वर घसरतो. एका गटाने तर प्रोटॉनांमधून इलेक्ट्रॉनांची केवळ वजाबाकी करून भराभर गुण मिळवले. ऋण प्रभाराचा अर्थ विचारला तेव्हा त्यातील एकालाही सांगता आला नाही. शैक्षणिक खेळात गुण आणि तारे असलेच पाहिजेत, हा समज मला पहिल्यापासूनच पटत नाही. बादल्यांच्या मोकळ्या पडद्यावर एकही गुण मिळत नसताना मुले अधिक वेळ रमली, हे मी घड्याळ लावून पाहिले आहे.

मर्यादाही नीट लक्षात घ्याव्या लागतात. बादलीत प्रोटॉन फक्त दहा असल्यामुळे अणू निऑनपर्यंतच बनतात. संयुजा, म्हणजे अणूची दुसऱ्या अणूशी जोडले जाण्याची क्षमता, शिकवताना आपले पहिले उदाहरण मिठाचे असते, आणि सोडिअम व क्लोरीन हे दोन्ही अणू येथे घडवता येत नाहीत. त्यासाठी पुन्हा फळ्याकडेच वळावे लागते. शिवाय केंद्रक पडद्यावर चांगले मोठे दिसते. अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा मानला तर केंद्रक साधारण मोहरीच्या दाण्याएवढे भरेल, हे शिक्षकाने तोंडी सांगितले नाही तर मुलांच्या मनात चुकीचे चित्र कायमचे बसते. इलेक्ट्रॉन कक्षेत दाखवण्याऐवजी ढगाच्या रूपात दाखवण्याचा पर्याय दिलेला आहे. तो एकदा तरी उघडून दाखवावा.

संकेतस्थळावरील अनेक खेळांची मराठी रूपांतरे उपलब्ध आहेत. ती स्वयंसेवकांनी केलेली असल्यामुळे ‘अणुवस्तुमानांक’ यासारख्या संज्ञा बालभारतीच्या पुस्तकाशी जुळतात की नाही, हे आदल्या दिवशीच पाहून घ्यावे. संगणक कमी असतील तर एकच प्रोजेक्टर लावून गटागटाने एकेका मुलाला पुढे बोलवावे. माझ्या पंचेचाळीस मुलांच्या वर्गात ही पद्धत बरी चालली, फक्त माउस कोणी धरायचा यावरून होणारी भांडणे सोडवण्यासाठी पाच मिनिटे वेगळी काढून ठेवावी लागली.