रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी बेळगावच्या टिळकवाडीतला दवाखाना: पाचपैकी चार

नाव मुद्दाम टाकत नाही. टाकलं की उद्या सकाळी शटरसमोर पिल्लांची खोकी दिसतील, आणि डॉक्टर माझं तोंड बघणार नाहीत. शहापूर, अनगोळ, वडगावातल्या कुत्रीवाल्यांना कुठला दवाखाना ते कळेलच.

रस्त्यावरच्या कुत्र्याची तपासणी फी घेत नाहीत. औषधाचे पैसे घेतात, घ्यावेतच. आमच्या बाजारातल्या तांबड्याच्या कानात अळ्या पडल्या होत्या, वासानं रिक्षावाला अर्ध्या वाटेत उतरवायला निघाला होता. कंपाउंडर अण्णांनी तोंडाला गॉजची पट्टी बांधली, डोळ्यांवर टॉवेल टाकला, स्प्रे मारला आणि चिमट्यानं एकेक अळी ट्रेमध्ये काढत बसले. तोंडानं सारखं "सुम्मनिरो (कन्नडात 'गप रहा रे') राजा, झालंच बघ." बाहेर लॅब्रॅडॉरवाले घड्याळ बघत होते, बघू देत.

पण मी इथं जाते ते डॉक्टर खोटी आशा लावत नाहीत म्हणून. डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूचा रोग, झालेलं पिल्लू नेलं होतं. नाकाडोळ्यांतून घाण, जबडा चणे चघळल्यासारखा आपोआप हलणारा. याआधी दुसरीकडं असंच एक पिल्लू "बघूया, बघूया" म्हणत सलाईनवर ठेवलं होतं, शेवटी बिल तेवढं हातात आलं. इथं डॉक्टर म्हणाले, "ताई, फिट्स सुरू झालेत. या रोगावर थेट औषध नाही. वाचण्याची आशा फार कमी, आणि हाल होतायत. घाई नाही, बसा, मग सांगा." बसले. कुत्रीवाल्यांच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकून "प्लीज हेल्प" म्हणणाऱ्या बाईंना फोन लावला, तर बंद. घरी आई म्हणणार, माणसांसाठी कधी एवढी रडलीस काय? शेवटी हो म्हटलं. इंजेक्शन देताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या रात्री जेवले नाही आणि ग्रुपही म्यूट केला.

डॉक्टरांनीच दामटून मला कुत्रं चावण्याआधीच घ्यायची रेबीजची लस घ्यायला लावली: पहिला डोस, त्यानंतर सात दिवसांनी दुसरा, आणि पहिल्यापासून एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी तिसरा. नंतर कुत्रं चावलं तर जखम साबणानं धुवायची आणि दोनच डोस, एक त्याच दिवशी आणि दुसरा त्यानंतर तीन दिवसांनी. कुत्री धरणाऱ्या प्रत्येकानं घ्यावी.

एक तारा कापला तो ठेवायची सोय नाही म्हणून. नसबंदी झालेली कुत्री त्याच संध्याकाळी घरी न्यावी लागते. गच्चीवर ठेवली की घरमालक तोंड फुगवतात. टाके सुकेपर्यंत ती भाकरीच्या वेळेला दारात येऊन बसायला लागते, आणि मग तिला तिच्याच गल्लीत सोडायचं, रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या 2023 च्या सरकारी नियमांतही तसंच आहे. ते काम माझ्यानं होत नाही, शेजारच्या पोराला पाठवते.

दुपारी बंद असतो. जाताना जुनी चादर न्या, आणि रोख पैसे, आत नेटवर्क मिळत नाही.