नियम आधी सांगितला होता का? 'सर्व्हायव्हर'च्या फॉरमॅटची पंचगिरी

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. 'सर्व्हायव्हर' या अमेरिकी शोच्या फॉरमॅटला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. मूळ सांगाड्यासाठी साडेचार दिले असते. एक तारा नंतरच्या ट्विस्टांनी खाल्ला. बेट सुंदर आहे, कॅमेरा उत्तम आहे, सूत्रसंचालक जेफ प्रोब्स्ट पहिल्या सीझनपासून तीच सूत्रं तितक्याच उत्साहाने सांभाळतोय, हे सगळं इतर परीक्षणांत वाचा. मी फक्त नियम तपासलेत.

मी बुद्धिबळाच्या स्पर्धांमध्ये पंच म्हणून बसते. त्यामुळे कुठलाही रिअ‍ॅलिटी शो बघताना 'कोण जिंकणार' याआधी मला 'बरोबरी झाली तर काय' हा प्रश्न पडतो. घरचे वैतागतात. आमच्याकडे टायब्रेकचा क्रम पहिल्या फेरीच्या आधी जाहीर करावा लागतो. आधी बुखोल्झ (तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज) धरायचं की परस्परांतला डाव, हे परिपत्रकात छापलेलं असतं. शेवटच्या फेरीनंतर पालक टेबलाभोवती गर्दी करतात तेव्हा मला फक्त त्या कागदावर बोट ठेवायचं असतं. बुखोल्झमध्ये नशीब नसतं का? चिक्कार असतं. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांचे गुण वाढले तर तुमचं भलं, आणि ते तुमच्या हातात नाही. तरी कुणी त्याला अन्याय म्हणत नाही, कारण ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. स्पर्धा न्याय्य आहे की नाही याची माझी कसोटी तेवढीच आहे: खेळाडूने निर्णय घेतला तेव्हा त्या निर्णयाची किंमत त्याला कळण्यासारखी होती का?

या कसोटीवर 'सर्व्हायव्हर'चा मूळ आराखडा झकास उतरतो. कल्पना चार्ली पार्सन्स यांची, 1997 मध्ये स्वीडनमध्ये ती पहिल्यांदा पडद्यावर आली आणि 31 मे 2000 रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. सोळा माणसं, 39 दिवस, दहा लाख डॉलर. माणसं टोळ्यांत वाटायची, स्पर्धेत हरलेल्या टोळीने आपल्यातलाच एक माणूस मतदानाने काढायचा. इथवर काही विशेष नाही. विशेष आहे ते शेवटी: बाहेर काढलेल्यांपैकी काही जणांची ज्युरी बसते आणि विजेता तीच ठरवते. म्हणजे ज्यांचे पाय ओढून तुम्ही वर आलात, त्यांच्यापुढेच हात जोडायचे. दुसऱ्याला काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि वाईट रीतीने काढलं तर जिंकता येत नाही. एका नियमात एवढा ताण बसवणं सोपं नाही. बहुतेक शोंना त्यासाठी परीक्षक, मार्क आणि भावनिक संगीत लागतं.

पहिल्याच सीझनचा शेवट बघा. रिचर्ड हॅच विरुद्ध केली विगल्सवर्थ. ज्युरीतल्या ग्रेग ब्युइसने दोघांना एकच प्रश्न विचारला: एक ते दहामधला एक आकडा सांगा. केली म्हणाली तीन, रिचर्ड म्हणाला सात. ग्रेगचं मत रिचर्डला गेलं आणि रिचर्ड 4-3 ने जिंकला. दहा लाख डॉलरचा निकाल पोरखेळावर लागला म्हणून तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. माझं मत उलटं आहे. ज्युरीने कुठल्याही कारणाने, अगदी लहरीनेसुद्धा मत द्यावं ही अट दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. माणूस लहरी असतो हे धरूनच त्याच्याशी 39 दिवस वागायचं होतं. निकाल विचित्र असेल, पण नियम मोडलेला नाही.

आता उलट उदाहरण. चौथा सीझन, 2002, मार्केसस बेटं. चौघे उरलेले, मतं 2-2 अशी अडकली. बरोबरी सुटेना तेव्हा पिशवीतून दगड काढायला लावले. जांभळा दगड आला पास्कल इंग्लिशच्या हाती, आणि तो घरी गेला. त्या रात्री त्याच्या नावावर एकही मत नव्हतं. दगडाला माझी हरकत नाही. मोठ्या गटात तो चांगला धाक असतो: अडून बसलात तर निरपराध माणूस जाईल, म्हणून तडजोड करा. पण चौघांत एकाकडे इम्युनिटी (त्या रात्री बाद न होण्याचं कवच) आणि दोघांवर मतं असली, तर उरलेल्या चौथ्याच्या हातात असतंच काय? पुढे चौघांच्या टप्प्यावर दगडांऐवजी आग पेटवण्याची स्पर्धा आली. ही दुरुस्ती योग्य. आग पेटवणं शिकता येतं, सराव करता येतो.

त्याच आगीने पुढे घोळ केला, आणि माझा मुद्दा सगळ्यात स्वच्छ दिसतो तो इथेच. 2017 चा पस्तिसावा सीझन. अनेक वर्षांची अडचण अशी की सगळ्यांत भारी खेळणाऱ्याला चौथ्या क्रमांकावर हमखास उडवतात, कारण ज्युरीपुढे त्याच्याशेजारी कुणाला बसायचं नसतं. शेवटचे दोन होते ते 2006 मध्ये तीन केले, तरी अडचण सुटली नाही. मग त्यांनी ठरवलं की चौघांच्या टप्प्यावर मतदानच नको. इम्युनिटी जिंकणाऱ्याने एकाला सोबत न्यायचं आणि उरलेल्या दोघांनी आग पेटवून फैसला करायचा. नियम म्हणून उत्तम. फक्त तो सांगितला कधी? शेवटची इम्युनिटी क्रिसी हॉफबेकने जिंकल्यावर, तिच्या हातात चिठ्ठी देऊन! तिघांनी मिळून बेन ड्रिबर्गेनला बाहेर काढायचं जमवून आणलं होतं. त्या चिठ्ठीने ते जमवणं रद्दी झालं, बेन आगीत जिंकला आणि सीझनही जिंकला. पुढच्या सीझनपासून हाच नियम कायम झाला. आता लोक बेटावर उतरण्याआधी चकमकीने आग पेटवायचा सराव करून येतात आणि कुणाची तक्रार नसते. शब्द न् शब्द तोच नियम, 2017 मध्ये अन्याय आणि 2018 मध्ये न्याय. बेनवर माझा राग नाही. त्याच्यापुढे आग ठेवली, त्याने पेटवली.

एक गोष्ट बाजूला काढून ठेवते. लबाडी वेगळी आणि वाईट आराखडा वेगळा. 1950 च्या दशकातल्या क्विझ शोंमध्ये उत्तरं आधीच पढवली जात होती, त्यानंतर 1960 मध्ये अमेरिकेत असल्या स्पर्धांचा निकाल आतून ठरवणं कायद्याने गुन्हा झाला. कोरियातल्या 'प्रोड्यूस एक्स 101' या प्रेक्षकांच्या मतांवर चालणाऱ्या शोमध्ये 2019 च्या अंतिम फेरीत मतांचा 29,978 हाच फरक पुन्हा पुन्हा दिसला, प्रेक्षकांनी तो पकडला आणि निर्माता आन जुन-यंगला 2020 मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. ते फौजदारी प्रकरण. तिथे पंचाचं काम संपतं. 'सर्व्हायव्हर'वर माझा तसा आरोप अजिबात नाही. इथे जे बिघडतं ते उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बिघडतं.

कधीकधी तर ते साध्या बेरजेने बिघडतं. याचं माझं आवडतं उदाहरण ब्रिटनच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' या नृत्यस्पर्धेतलं आहे, डिसेंबर 2008 ची उपांत्य फेरी. तीन जोड्या. परीक्षकांच्या क्रमवारीचे गुण 3, 2, 1 आणि प्रेक्षकांच्या मतांचे पुन्हा 3, 2, 1. बेरजेत तळाला येणाऱ्या दोन जोड्यांमध्ये निर्णायक नाच. परीक्षकांकडे रेचल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन यांची बरोबरी झाली. दोघींना 3-3 मिळाले, टॉम चेंबर्सला 1. आता मांडा गणित. टॉमला प्रेक्षकांचे पूर्ण 3 मिळाले तरी त्याची बेरीज 4. उरलेल्या दोघींपैकी एकीला प्रेक्षकांचे 2 मिळणारच, म्हणजे तिचे 5. टॉम फार तर दुसरा, आणि दुसरा म्हणजे तळाच्या दोघांत. त्याच्यासाठी फोन करणारे फोन करत होते आणि त्या फोनांनी तो निर्णायक नाचातून सुटणं अशक्य होतं. अखेर तो नाच रद्द करून तिघांनाही अंतिम फेरीत नेलं, मतंही पुढे धरली. अंतिम फेरी जिंकली टॉमने. बरोबरी झाली तर गुण कसे द्यायचे, हा प्रश्न कुणी शाळकरी मुलाने वहीत सोडवून दाखवला असता.

'सर्व्हायव्हर'मधली असली बेरीज 2017 मध्येच, पण चौतिसाव्या सीझनला चुकली. 2005 मध्ये लपवलेली इम्युनिटी आयडॉल आली, म्हणजे सापडेल त्याला एका रात्रीपुरतं वाचवणारी मूर्ती. ती एकटी होती तोवर मस्त होती: सापडली तर वापरायची कधी, सांगायचं कुणाला, सगळं खेळाडूच्या अकलेवर. मग एकावर एक ॲडव्हान्टेज, म्हणजे खास सवलती, रचत गेले. सहा जण उरलेले असताना एका रात्री ब्रॅडकडे जिंकलेली इम्युनिटी, ताई ट्रँग या खेळाडूने एक आयडॉल स्वतःसाठी आणि एक ऑब्रीसाठी काढली, ट्रॉयझॅनने स्वतःची काढली, सॅराचा लेगसी ॲडव्हान्टेज (तोही सुरक्षित ठेवणाराच) निघाला. पाच जण सुरक्षित. उरली सिरी फील्ड्स. तिच्यावर एकही मत पडलं नव्हतं, पण काढायला दुसरं कुणी शिल्लकच नव्हतं. मतदानाने माणूस काढायचा, हा या खेळाचा पाया. त्या रात्री मतदान झालं आणि निकालात त्याला काही कामच उरलं नाही. इथे नियम लपवलेला नव्हता. प्रत्येक ॲडव्हान्टेज सुटा सुटा चालण्यासारखा होता. सगळे एकाच रात्री बाहेर पडले तर काय, एवढं लिहून बघायचं राहिलं. म्हणून माझी कसोटी इथे थोडी अपुरी पडते हेही कबूल: आधी सांगितलेला नियमसुद्धा बुडाशी कच्चा असू शकतो.

अडतिसाव्या सीझनवर मी फार शाई घालवणार नाही. ख्रिस अंडरवुड आठव्या दिवशी बाहेर गेला, बाद झालेल्यांच्या बेटावर राहिला, पस्तिसाव्या दिवशी परतला आणि जिंकला. मतं 9-4-0. मोजून 13 दिवस खेळला, ही लोकांची तक्रार. माझी तक्रार दुसरी आहे. त्या बेटावर त्याच्यासोबत राहिलेली माणसंच नंतर ज्युरीत बसली. उमेदवार आणि न्यायाधीश एका छपराखाली उपाशी झोपले, आणि दुसरे दोन उमेदवार तेव्हा त्याच न्यायाधीशांना बाहेर पाठवत होते. आमच्याकडे पंच खेळाडूचा सख्खा नातेवाईक असला तरी भुवया उंचावतात.

आणि मग वाळूचं घड्याळ. 2021, एकेचाळिसावा सीझन. एव्हाना दिवस 39 वरून 26 झालेले. बारा जण उरले. दगड काढून पाच-पाचांचे दोन संघ पाडले. जिंकणारा संघ सुरक्षित, असं स्पष्ट सांगून स्पर्धा घेतली. एक संघ जीव तोडून जिंकला. मग संघाबाहेर राहिलेल्या दोघांपैकी एरिका कासुपाननला एकटीला वेगळं पाठवलं आणि तिच्यापुढे घड्याळ ठेवलं: फोडलंस तर निकाल उलटा, जिंकलेले धोक्यात, हरलेले आणि तू सुरक्षित. तिने फोडलं. कोण नाही फोडणार? हा 'निर्णय' म्हणून दाखवला, पण यात निर्णय घेण्यासारखं काही नव्हतंच. डॅनी मॅक्रे हा जिंकलेल्यांपैकी एक, अमेरिकन फुटबॉलचा माजी व्यावसायिक खेळाडू. त्याने तिथल्या तिथे प्रोब्स्टला सुनावलं. त्याचं म्हणणं माझ्या पोटातलं होतं: आम्हाला जे सांगून खेळवलं ते तुम्ही मागाहून बदललंत. डाव संपल्यावर पांढऱ्या-काळ्या सोंगट्यांची अदलाबदल केली तर मला पंचांच्या यादीतून काढून टाकतील. बेचाळिसाव्या सीझनमध्ये तेच घड्याळ पुन्हा आणलं, त्रेचाळिसाव्यापासून बंद केलं. बंद केलं याचे गुण देते. दोनदा केलं याचे कापते.

गंमत म्हणजे त्याच एकेचाळिसाव्या सीझनने या फॉरमॅटला एक फार सुंदर नियमही दिला. 'शॉट इन द डार्क'. प्रत्येकाला पहिल्यापासून एक फासा. आज आपण जाणार असं वाटलं तर आपलं मत सोडून द्यायचं आणि सहापैकी एक गुंडाळी उचलायची. नशीब असेल तर सुरक्षित. निव्वळ जुगार आहे, तरी यावर मी डोळे मिटून सही करेन. सगळ्यांकडे सारखा, शक्यता माहीत, किंमत माहीत, वापरायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. शिवाय मतांची जुळवाजुळव करणाऱ्यांना आता 'त्याने फासा वापरला तर?' हे धरून चालावं लागतं, म्हणजे न वापरताही तो काम करतो. असा नियम लिहिणाऱ्यांनीच घड्याळ लिहिलं, हे मला अजून पचत नाही.

तुलनेसाठी दोनच शब्द. 'ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' या बेकिंगच्या स्पर्धेतल्या टेक्निकल फेरीत कुठला पदार्थ कुणाचा हे परीक्षकांना ठाऊक नसतं. एवढ्या एका पडद्याने निम्मी कुरबूर मिटते. 'टास्कमास्टर' या विनोदी शोमध्ये परीक्षक ग्रेग डेव्हिस मनाला येईल तसे गुण देतो, पण मनमानी हीच तिथली जाहीर अट आहे आणि बक्षीस म्हणजे त्याच्याच डोक्याचा सोनेरी पुतळा. मला तिथे एकदाही चिडायला झालं नाही.

नव्याने बघणार असाल तर सदतिसावा सीझन घ्या, 2018 चा 'डेव्हिड व्हर्सेस गोलायथ'. ॲडव्हान्टेज त्यातही आहेत, पण ते खेळाडूंच्या डोक्याने फिरतात, निर्मात्यांच्या नव्हे. तो आवडला तर मागे अठ्ठाविसाव्याकडे जा. अडतिसावा गाळला तरी काही बिघडत नाही. एकेचाळिसावा बघाच, फक्त घड्याळाच्या भागानंतर लगेच पुढचा लावू नका. डॅनी काय म्हणतो ते पुन्हा एकदा, सावकाश ऐका.