सराफ्याच्या काउंटरवर साउंडबॉक्स: अनंत चतुर्दशी ते रंगपंचमी

निकाल आधीच सांगून टाकतो. एका हातात झारा, समोर दहा माणसे आणि मागे मोटारसायकलींचे भोंगे, अशा काउंटरला यूपीआयचा साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आल्याचे मोठ्याने बोलून सांगणारा डबा, आपले भाडे वसूल करून देतो. दिवसाला वीस-पंचवीस गिऱ्हाइके येणाऱ्या दुकानात तो शोभेलाच राहतो, तिथे मोबाइलवरची सूचना पुरते. पुढचा सगळा अनुभव इंदूरच्या सराफ्यातल्या, म्हणजे दिवसा दागिन्यांच्या आणि रात्री खाण्याच्या बाजारातल्या, रात्रीच्या काउंटरवरचा आहे. साबुदाणा खिचडी, थंडीत गराडू (तळलेला कंद), दोन मदतनीस, एक क्यूआर आणि 4जी सिमचा, पडदा नसलेला साधा बॉक्स. कंपनीचे नाव लिहीत नाही. या बॉक्सचे गुणदोष बहुतेक सगळ्यांकडे सारखेच दिसतात.

खरा फायदा आवाजाचा नाही, मालकाचा फोन मोकळा होण्याचा आहे. पूर्वी पैसे आले की नाही हे पाहायला मालकाचा मोबाइल काउंटरवरच पडून असायचा, नाहीतर मुलाच्या हातात द्यावा लागायचा, आणि त्यातच बँकेचे ओटीपी यायचे. आता मालक सियागंजच्या घाऊक बाजारात साबुदाणा घ्यायला गेला तरी काउंटर चालतो. मुलाला रक्कम ऐकू आली की प्लेट सुटते.

पण बॉक्स काय करतो हे नीट समजून घ्या, अर्धी भांडणे तिथेच मिटतात. गिऱ्हाईक पिन टाकते, विनंती एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणारी संस्था) यंत्रणेतून त्याच्या बँकेत जाते, तिथे पैसे वजा होतात, इकडच्या बँकेत जमेची नोंद पडते. त्यानंतर कंपनीच्या सर्व्हरवरून बॉक्समधल्या सिमवर इंटरनेटने निरोप येतो आणि मग बॉक्स बोलतो. म्हणजे बोलणे हा शेवटचा टप्पा. बॉक्स गप्प राहिला म्हणून पैसे आलेच नाहीत असे होत नाही. अडचण कुठल्या टप्प्यावर आहे ते दुकानदाराच्या अ‍ॅपवरूनच कळते.

गप्प राहण्याचे सगळ्यात साधे कारण वेगळेच निघते: पैसे दुसरीकडे गेलेले असतात. बॉक्स फक्त त्याला जोडलेल्या क्यूआरवरचे पैसे वाचतो. ओळखीचे गिऱ्हाईक मोबाइल नंबरवर पाठवते, ते मालकाच्या वैयक्तिक खात्यात पडतात आणि बॉक्सला पत्ता नसतो. काउंटरवर जुन्या कंपनीचे स्टिकर राहिले असेल तरी तेच. क्यूआर कुठल्याही यूपीआय अ‍ॅपने चालतो, त्यामुळे तीन-तीन स्टिकरांची गरजच नाही. बॉक्स आला त्या दिवशी बाकीची खरवडून काढा.

दुसरे कारण नेटवर्क. अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झाँक्या (चित्ररथ) निघतात तेव्हा आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीला, राजवाड्याभोवती इतकी माणसे जमतात की टॉवरचा दम निघतो. अशा वेळी निरोप अडकतात आणि मोकळीक मिळताच चार-पाच एकदम सुटतात: “चालीस रुपये प्राप्त हुए, साठ रुपये प्राप्त हुए…” कुणाचे चाळीस, हे त्या गोंधळात कळत नाही. तेव्हा बॉक्सवर विसंबू नका. अ‍ॅपमधली वेळ आणि पैसे देणाऱ्याच्या नावाची अक्षरे बघून प्लेट द्या. गेरच्या दिवशी बॉक्स आतच ठेवलेला बरा, तिथे टँकरने रंग उडतो.

रोजच्या दिवसात जागा बदलूनही बराच फरक पडतो. स्टीलच्या डब्यांमागे किंवा पत्र्याच्या काउंटरखाली ठेवलेला बॉक्स सारखा “नेटवर्क नहीं है” म्हणतो, कारण त्याचा अँटेना आतच असतो आणि धातू लहरी अडवतो. छातीच्या उंचीवर, लाकडी फळीवर, गल्लीच्या बाजूला तोंड करून ठेवल्यावर ही तक्रार जवळजवळ थांबली. तरी अडला तर चालू-बंदचे बटण दाबून धरून पुन्हा सुरू करा. अर्धा-एक मिनिट लागते.

भट्टीपासून निदान हातभर लांब ठेवा. आत लिथियमची बॅटरी असते, ती उष्णतेने फुगते. तेलाची वाफ स्पीकरच्या जाळीवर बसली की महिन्या-दीड महिन्यात आवाज घोगरा होतो. कोरड्या टूथब्रशने जाळी साफ करा, ओले फडके लावू नका. आवाज पूर्ण ठेवला तर दिवसाआड चार्ज करावे लागते. कंपनी सांगते तितके दिवस बॅटरी टिकत नाही, निदान सराफ्याच्या आवाजात तरी नाही. मराठी भाषा निवडता येते, पण मदतनीस आणि गिऱ्हाईक दोघेही हिंदीवाले म्हणून हिंदीच ठेवली. दर मात्र चाळीस, साठ असे सरळ ठेवले तर गोंगाटात ऐकण्याची चूक होत नाही.

आता हिशेब, सगळ्यात डोकेदुखीचा भाग. दागिन्यांची दुकाने मिटल्यावर सराफ्यात खाण्याची गर्दी सुरू होते आणि ती मध्यरात्रीनंतरही चालते. अ‍ॅपचा दिवस मात्र बाराला संपतो. त्यामुळे एका रात्रीचा गल्ला दोन तारखांत फाटतो आणि बँकेत दुसऱ्या दिवशी एकरकमी जमा होणारा आकडा गल्ल्याशी कधीच जुळत नाही. उपाय सोपा आहे: अ‍ॅपमधला अहवाल उतरवून घ्या आणि संध्याकाळी आठ ते पहाटे तीन अशी वेळ धरून बेरीज करा. जमलेल्या रकमेतून बॉक्सचे भाडे परस्पर कापले जाते, ती नोंद वेगळी शोधावी लागते. भाडे साधारण शंभराच्या आसपास, त्यावर 18 टक्के जीएसटी. बसवणारा माणूस तोंडी “फुकट” म्हणतो, तेव्हा किती महिने फुकट ते अ‍ॅपमधल्या अटींत वाचा.

बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर दुकानदाराला जानेवारी 2020 पासून शुल्क नाही. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येते. त्यावर छोट्या व्यापाऱ्याला 2,000 रुपयांपर्यंत शुल्क लागत नाही, वर लागते. खिचडीवाल्याला याची चिंता नाही. ज्याच्या ओट्यावर तो बसतो त्या सोनाराने मात्र आपले दर विचारून घ्यावेत.

कराची भीती हल्ली वाढली आहे. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा काहींनी क्यूआरच काढून टाकले. घाबरून क्यूआर काढणे हा काही उपाय नव्हे. खाण्याचा गाडा ही सेवा धरली जाते, तिला नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची उलाढाल आहे, आणि त्यात रोखही मोजतात. खरी चूक वेगळी होते: त्याच क्यूआरवर मेहुण्याचे उसने आणि भिशीचे पैसे घेतले की तेही उलाढालीसारखे दिसतात. घरचे व्यवहार वेगळ्या खात्यात ठेवा. एक बाजू फायद्याचीही आहे. आयकराच्या अंदाजित नफ्याच्या योजनेत (1961 च्या कायद्यातले 44एडी कलम) रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरतात, डिजिटल विक्रीवर 6.

फसवणुकीत बॉक्स खरोखर उपयोगी पडतो. बनावट अ‍ॅपवर हिरवी खूण आणि रक्कम दाखवणारी मुले येतात. बॉक्स बोलला नाही आणि अ‍ॅपमध्ये नोंद नाही, तर स्क्रीनशॉटला काही किंमत नाही. तुमच्या क्यूआरवर रात्रीत दुसरा चिकटवला गेला तरी पहिल्या एक-दोन गिऱ्हाइकांतच बॉक्सच्या शांततेने ते उघड होते. दोन युक्त्यांपुढे मात्र बॉक्स हतबल आहे. “चुकून जास्त गेले, उरलेले रोख द्या” म्हणणाऱ्याला रोख देऊ नका. नोंद तपासा आणि अ‍ॅपमधूनच परतावा करा. “बॉक्स अपडेट करायचा आहे” म्हणत फोन किंवा डेबिट कार्ड मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच 1930 वर फोन.

गिऱ्हाइकाचे वजा झाले आणि इकडे आलेच नाहीत, तर वाद न घालता त्याला 12 आकडी व्यवहार क्रमांक जपायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे दुकानाच्या व्यवहारात अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी, उशीर झाला तर बँकेने रोज 100 रुपये भरपाई द्यायची असते. प्लेटचे पैसे त्याच्याकडून रोख घ्या. गल्ल्यात शे-दोनशेचे सुट्टे ठेवाच. 26 मार्च आणि 12 एप्रिल 2025 ला देशभर यूपीआय अडखळले तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. बँकेचा सर्व्हर मंद असेल तर यूपीआय लाइट, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या छोट्या शिलकेतून चालणारे यूपीआय, वापरायला सुचवा. हजारापर्यंतचे व्यवहार त्यात पिनशिवाय होतात आणि बॉक्स नेहमीसारखाच बोलतो.

बॉक्स नको झाला तर नुसता बंद करून कपाटात टाकू नका, भाडे कापले जातच राहते. अ‍ॅपमधून बंद करण्याची विनंती टाका, न्यायला येणाऱ्याकडून बॉक्सच्या क्रमांकासह पोच घ्या आणि पुढच्या महिन्याच्या जमेत कपात दिसत नाही ना, ते बघा.