मास्टर्स की द ओपन? एकाच मेजरला जीव लावायचा असेल तर

गोल्फच्या चार मेजर्सपैकी, म्हणजे वर्षातल्या चार सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी, पीजीए चॅम्पियनशिप आणि यूएस ओपन सध्या बाजूला ठेवू, कारण चाहत्यांमधला खरा वाद रंगतो तो एप्रिलमधलं मास्टर्स आणि जुलैमधलं द ओपन या दोघांवरूनच. ज्याला वर्षातून एकच स्पर्धा चारही दिवस बसून नीट बघायचीय, एखाद्या खेळाडूच्या मागे मनापासून उभं राहायचंय, आणि जमलंच तर थोडे पैसे पण लावायचेत, त्याने कुठली धरावी? माझं मत आधीच सांगून टाकतो. गोल्फ नुकतंच बघायला लागला असाल तर मास्टर्स, थोडं मुरला असाल तर ओपन. पैशांचं गणित मात्र दोन्हीकडे वेगळं चालतं, त्यावर खाली सविस्तर बोलू.

मास्टर्सची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे मैदान बदलत नाही. 1934 पासून अमेरिकेतल्या जॉर्जियातलं ऑगस्टा नॅशनलच. बाकीच्या तिन्ही मेजर्स दरवर्षी गाव बदलतात, त्यामुळे बघणाऱ्याला प्रत्येक होल नव्याने समजून घ्यावा लागतो, इथे दोन-तीन वर्षांत तुम्हालाच कळायला लागतं की बॉल कुठे पडला तर वाचला आणि कुठे पडला तर गेला. बारावा होल घ्या ना, जेमतेम 155 यार्डांचा पार-3 (म्हणजे तीन शॉट्समध्ये संपवायचा), टीव्हीवर अगदी सोपा वाटतो. पण ग्रीन (जिथे झेंडा असतो तो भाग) आडवं आणि अरुंद, समोर रेज क्रीक हा ओढा, आणि अलीकडच्या उतारावर गवत इतकं बारीक कापलेलं की थोडा कमी पडलेला बॉल थांबतच नाही, सरळ पाण्यात जातो. वर वारा झाडांमध्ये फिरत राहतो, त्यामुळे हातात कुठला क्लब घ्यायचा याचा भरवसा कुणालाच नसतो. 2019 च्या रविवारी आघाडीवर असलेल्या मोलिनारीचा बॉल तिथे पाण्यात गेला, कोएप्काचा गेला, पोल्टरचा गेला, फिनाऊचाही गेला, आणि टायगर वुड्सने झेंड्याकडे न बघता ग्रीनच्या सेफ बाजूला, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) वरून बॉल टाकला, दोन पटमध्ये (ग्रीनवरच्या हलक्या फटक्यांत) पार घेतला आणि तिथून स्पर्धा फिरली. 43 व्या वर्षी ग्रीन जॅकेट, म्हणजे मास्टर्स विजेत्याचा हिरवा कोट! हे बघताना मजा कशामुळे येते, तर त्याच होलवर 2016 मध्ये स्पिएथने दोनदा पाण्यात घालून सात शॉट्स घेतले होते हे बघणाऱ्याच्या डोक्यात असतं म्हणून.

ओपनमध्ये असं काही साठत नाही असं नाही, पण ते वेगळ्या प्रकारे साठतं. 1860 ला प्रेस्टविकमध्ये सुरू झालेली ही सगळ्यात जुनी मेजर, समुद्रकाठच्या लिंक्स कोर्सेसवर आलटून पालटून होते, सेंट अँड्र्यूज, ट्रून, कार्नुस्टी, पोर्टरश वगैरे. जमीन कडक, झाडं जवळजवळ नाहीतच, वारा सरळ समुद्रावरून. इथे बॉल हवेतून झेंड्याजवळ नेऊन सोडायचा हिशेबच चालत नाही, ग्रीनच्या तीस यार्ड आधी पाडायचा आणि घरंगळत न्यायचा, आणि मधे एखादा छोटासा उंचवटा त्याला कुठे वळवेल हे खेळणाऱ्यालाही आधी माहीत नसतं. पॉट बंकर्स इतके खोल आणि भिंती इतक्या उभ्या की कित्येकदा जगातला टॉपचा खेळाडूसुद्धा मागे किंवा बाजूला मारून बाहेर येतो. नवीन माणसाला हे बघून वाटतं की हे नशिबाचं काम आहे. तसं नाहीये हो, पण हे पटायला दोन-तीन ओपन बघाव्या लागतात, म्हणूनच सुरुवात मास्टर्सने करा म्हणतो.

हवामान हा तर ओपनचा खरा प्रतिस्पर्धी. 2002 ला टायगरने त्या वर्षीचं मास्टर्स आणि यूएस ओपन दोन्ही जिंकलेलं होतं, ओपनसाठी म्युरफील्डला आला, शनिवारी वादळी पावसात सापडला आणि 81 शॉट्स मारून बसला (गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं).

आता खेळाडू. मास्टर्सला मोजकेच लोक बोलावतात, साधारण नव्वदच्या आसपास, आणि त्यात जुन्या विजेत्यांना आयुष्यभर आमंत्रण असल्याने काहीजण जिंकायच्या शर्यतीत नसतातच. ओपनला 156 जण. शिवाय ऑगस्टात अनुभव लागतोच लागतो, 1979 नंतर पहिल्याच मास्टर्समध्ये कुणी जिंकलेलं नाही, तेव्हा फझी झोलर जिंकला होता. ओपनमध्ये मात्र जागतिक रँकिंगमध्ये 396 वा असलेला बेन कर्टिस 2003 मध्ये आयुष्यातली पहिलीच मेजर खेळायला आला आणि क्लॅरेट जग, म्हणजे ओपनची ट्रॉफी, घेऊन गेला, मोरिकावानेही 2021 ला पहिल्याच ओपनमध्ये जिंकून दाखवलं. दुसऱ्या टोकाला बघा, 2009 ला टर्नबेरीला 59 वर्षांचा टॉम वॉटसन शेवटच्या होलवर पार करू शकला असता तर जिंकला असता, प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा होल्समध्ये) स्टुअर्ट सिंककडून हरला. आपल्या आवडत्या खेळाडूचं वय झालंय आणि तरी आशा सोडवत नाही, अशा चाहत्यांसाठी ओपनसारखी स्पर्धा नाही.

रॉरी मॅकलरॉयचे चाहते या दोन्ही स्पर्धांमध्ये काय काय सोसून आलेत ते बघितलं की फरक नीट कळतो. ऑगस्टात 2011 ला चार शॉट्सची आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी उतरला आणि 80 मारले, मग पुढची चौदा वर्षं दर एप्रिलला तीच चर्चा, तोच दबाव, आणि शेवटी 2025 ला तेराव्या होलवर वेजचा (छोट्या अंतराच्या क्लबचा) साधा शॉट पाण्यात घालून, अठराव्यावर छोटा पट चुकवून, तरीही जस्टिन रोजला प्लेऑफच्या पहिल्याच होलवर हरवून करिअर ग्रँड स्लॅम, म्हणजे कारकिर्दीत चारही मेजर्स जिंकणं, पूर्ण केला. ही गोष्ट एकाच मैदानावर घडत गेली म्हणून इतकी भिडली. ओपनमध्ये त्याचं दुखणं वेगळं: 2019 ला स्वतःच्या प्रदेशात, पोर्टरशला, हजारो लोक फक्त त्याच्यासाठी जमलेले, पहिलाच टी शॉट आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर, पहिल्याच होलवर आठ. दुसऱ्या दिवशी 65 मारूनही एका शॉटने कट (दोन दिवसांनंतर पुढे खेळायची मर्यादा) हुकला, आणि त्या संध्याकाळी गॅलरीने त्याला जे उचलून धरलं ते लीडरबोर्डवर कुठेच नसलेल्या माणसासाठी होतं. मला ओपनचा प्रेक्षक आवडतो तो यासाठीच, तो झेंड्यापासून चाळीस फुटांवर थांबलेल्या शॉटलासुद्धा टाळ्या वाजवतो कारण तिथून इतक्या जवळ येणं किती अवघड आहे हे त्याला ठाऊक असतं. ऑगस्टात शिस्त जास्त, फोन आत नेता येत नाही, पळायचं नाही, पण त्यामुळेच झाडांपलीकडून येणारा आरडाओरडा ऐकून खेळाडूंना कळतं की पुढे कुणीतरी ईगल (पारपेक्षा दोन शॉट्स कमी) मारलाय.

पैसे लावण्याकडे येऊ. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, की गोल्फमध्ये फेव्हरेट म्हणजे टेनिससारखा फेव्हरेट नव्हे. 4/1 भाव (एक लावला तर चार नफा) म्हणजे पाचात एकदा जिंकला तर तुम्ही जेमतेम बरोबरीत. स्कॉटी शेफलरने 2022 ते 2025 मधल्या 16 मेजर्सपैकी 4 जिंकल्या, म्हणजे चारात एक, पण असा माणूस एका पिढीत एखादाच निघतो आणि 2023 मध्ये त्याच्याही हाती चारपैकी एकही लागली नव्हती. मॅकलरॉय ऑगस्ट 2014 ते एप्रिल 2025 एकही मेजर जिंकला नाही आणि जवळपास प्रत्येक वेळी फेव्हरेट्सच्या यादीत होता, तेवढा काळ प्रेमापोटी दरवेळी त्याच्यावर लावणाऱ्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. 2019 ला अमेरिकेत एकाने टायगरवर 85,000 डॉलर लावून जवळपास 12 लाख कमावले ती बातमी सगळ्यांना आठवते, त्याच आठवड्यात बाकीच्यांवर लावून हरलेल्यांची बातमी कुणी छापत नाही.

म्हणून बरेचजण ईच-वे लावतात, अर्धे पैसे जिंकण्यावर आणि अर्धे पहिल्या पाच-सात जागांत येण्यावर. समजा 40/1 वर एकूण 10 पौंड लावले, प्लेससाठी भावाचा पाचवा हिस्सा आणि पाच जागा. खेळाडू एकटा तिसरा आला तर प्लेसचे 5 पौंड 8/1 ने, म्हणजे 45 परत. पण चौघं मिळून पाचव्या नंबरवर टाय झाले तर डेड हीट लागतो, एक जागा चौघांत वाटली जाते आणि हातात येतात सव्वा अकरा पौंड. लोक भाव बघतात, हा नियम वाचतच नाहीत, आणि टाय तर गोल्फमध्ये दर आठवड्याला होतात.

ईच-वेसाठी मला मास्टर्स बरं वाटतं. फील्ड (खेळणाऱ्यांची संख्या) लहान, कोर्स माहितीचा, आणि काही खेळाडू तिथे परत परत वर येतातच, रोज ऑगस्टात 2015, 2017 आणि 2025 असा तीनदा दुसरा आलाय. अडचण एवढीच की हे तुम्हाला माहीत आहे तसं बुकीलाही माहीत असतं, त्यामुळे भाव आधीच आवळलेले. ओपनमध्ये उलट, टी-टाइम्सचं (कोण कधी सुरू करणार त्या वेळांचं) वाटप खूप काही ठरवतं. गुरुवारी सकाळी खेळणारे शुक्रवारी दुपारी खेळतात आणि दुसरा अर्धा गट उलटा, पहिला ग्रुप साडेसहाच्या सुमारास निघतो आणि शेवटचा चारनंतर. मधे वारा बदलला की अर्धं फील्ड स्वतःची काही चूक नसताना मागे पडतं. तेव्हा ओपनवर लावायचंच असेल तर महिनाभर आधी लावू नका, टी-टाइम्स आणि वाऱ्याचा अंदाज दोन्ही समोर येऊ द्या, आणि अंदाज डळमळीत असेल तर लावूच नका. जिंकण्यावर लावण्यापेक्षा दोन खेळाडूंमधली मॅचअप (दोघांपैकी कोण पुढे राहील) घ्या, पण दोघंही एकाच वेळेच्या गटातले बघून, म्हणजे वारा दोघांनाही सारखाच लागेल. आणि रक्कम एवढीच ठेवा की शुक्रवारी तुमचा माणूस कटच्या बाहेर गेला तरी शनिवार-रविवारचं गोल्फ तुम्हाला तितकंच बघावंसं वाटेल.